महिपतमामा, तुम्ही उल्लेखनीय नाही

राजापूरजवळून, माघ संपता संपता

तीर्थरूप महिपतमामांना भाचा सदू याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. विरारची हवा मानवते ना? मामींचे गुडघे कसे आहेत? इकडे आम्ही मजेत आहोत, काजू मोहरलाय, आणि तुमचं नाव जगभर करायचं गावाच्या हातून थोडक्यात राहिलं, तेच सांगायला बसलो आहे.

झालं असं, की इंटरनेटवरच्या विश्वकोशात आपल्या गावावर लेख लिहायचं हर्षदने (आनंदीबाईंचा नातू, बी.एड. होऊन नोकरीची वाट बघतोय) मनावर घेतलं. नदी, देऊळ, शाळा झाली आणि ‘प्रसिद्ध व्यक्ती’पाशी गाडी अडली. हेदवीला दशभुज गणपती तरी आहे, आपल्याकडे कोण? तेव्हा आवडाबाई म्हणाली, "आपला म्हयपत काय कमी हाय? त्याच्यासाठी रत्नांग्रीवरनं पोलिसांची गाडी आलेली!" खरंच की! देवळातली समई नेल्याबद्दल आत जाऊन आलेला गावात दुसरा कोणी नाही. (समई सापडली नाहीच, आणि सुटल्यावर लाजेने तुम्ही जी मुंबई गाठलीत ती शिमग्यालासुद्धा परत आला नाहीत. आम्हाला ते फार लागतं.) मग पुरावे गोळा झाले. आवडाबाईने कोंबडे सांगितले, सोनूबाईने वाळत घातलेले बांगडे, आणि गंगुबाईचं तुम्ही कधीच काही नेलं नाहीत म्हणून ती रुसून घरी गेली. काहींचं म्हणणं पडलं, चोराला कसला मान? वाद मिटेना, तेव्हा रीतीप्रमाणे देवाला कौल लावला. भिवा गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि देवाच्या उजव्या अंगाचं फूल टपकन खाली पडलं. ज्याची समई गेली त्यानेच होकार दिल्यावर बोलायचं काय उरलं? हर्षदने संदर्भ म्हणून तेच लिहिलं: ग्रामदेवतेचा उजवा कौल, मानकऱ्यांसमक्ष.

संपादकांनी (माणसं सभ्य, पण घाटावरची असावीत) विचारलं, वर्तमानपत्रात बातमी वगैरे आली होती का? शिवाय देव गावचाच असल्याने त्याला त्रयस्थ धरता येत नाही, असंही त्यांनी लिहिलं. आम्ही कळवलं, देव त्रयस्थ नाही तर मग कोण आहे? अखेर निर्णय आला: सदर इसम गुन्हेगार म्हणून उल्लेखनीय नाही, नोंद रद्द. आवडाबाई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र खूश झालो. मामा, ज्या गोष्टीसाठी तुम्ही इतकी वर्षं तोंड लपवलंत, ती दखल घेण्याइतकीही मोठी नव्हती, असं शिकल्यासवरलेल्या लोकांनी विचार करून लेखी दिलं आहे.

मामींना नमस्कार, नात रुचिराला आशीर्वाद.

तुमचा सदू

ता. क. यंदा शिमग्याला या. पालखी तुमच्या अंगणात येते तेव्हा घरचं कोणीच नसतं, मीच कुलूप काढून ओटी भरतो. मला ते बघवत नाही.

आणखी एक ता. क. रुचिराने भाद्रपदात तुमच्या घरच्या गणपतीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. मूर्ती सुरेख होती. शेजारची समई सगळ्यांनी ओळखली, कोणी बोललं नाही इतकंच. हर्षद म्हणतो, फोटो पुरावा म्हणून चालला असता. आम्ही तो पाठवला नाही. येताना समई घेऊन या. देव काही विचारणार नाही. आवडाबाई विचारील, तिला सांगा घासायला नेली होती.