न हलणाऱ्या पट्ट्या

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीतूनच घालतो आहे, कंबर धरली आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा राग उतरला का? इथे सर्व ठीक आहे, म्हणजे माझ्याखेरीज सर्व. हे पत्र लिहायला बसल्यापासून तीनदा उठलो. एकदा खिडकी लावायला, एकदा उघडायला, एकदा नुसताच.

मी इंग्रजी बोलणाऱ्या दहा जणांना ऑनलाइन फ्रेंच उच्चार शिकवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (फ्रेंच मला तुम्हीच शिकवलंत, तेव्हा यात थोडा दोष तुमचाही.) ही माणसं शब्दाच्या सुरुवातीचा 'प' म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत सोडतात. फ्रेंचला झोत चालत नाही. म्हणून मी प्रत्येकाला ओठांसमोर कागदाची पट्टी धरायला लावली. पट्टी हलली की चूक. दहा जण एकदम बोलले की नुसता कालवा होतो, म्हणून सगळ्यांचे माइक बंद ठेवून मी फक्त पट्ट्या बघायचो. पहिल्या आठवड्यात त्या वादळात सापडल्यासारख्या फडफडल्या. दुसऱ्या आठवड्यात मंदावल्या. तिसऱ्या आठवड्यात एकही हलेना. माझा ऊर भरून आला. सगळ्यांना शाबासकी दिली आणि निरीक्षक बाईंना आग्रहाने वर्गावर बोलावलं. (मला नोकरीत कायम करायचं की नाही, हे त्यांच्या हातात.)

बाई आल्या. पट्ट्या पाहून खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आता माइक सुरू करा." केले. मी शब्द दिला. दहा तोंडं हलली, दहा पट्ट्या स्थिर, आणि मामा, आवाज नाही. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठोकून पाहिले. शेवटी विद्यार्थ्यांपैकी एक नर्स म्हणाली, "सर, घरात सगळे हसतात हो. म्हणून मी मनातल्या मनात म्हणते."

"मनात?"

"मनात फार छान जमतं, सर."

दुसरा विद्यार्थी, दातांचा डॉक्टर, म्हणाला, "माझंही तसंच. आवाज काढला की पट्टी हलते." मग एकेकाने कबुली दिली. बाईंनी मला विचारलं, "मास्तर, तीन आठवडे तुम्ही तपासत काय होतात?" मी म्हटलं, "कागद."

शुक्रवारी बाई वर्गाची फेरपरीक्षा घेणार आहेत. दहांपैकी सात उत्तीर्ण झाले तर मी राहतो, नाहीतर जातो. तुम्ही काळजी करू नका. मंडळी आता मोठ्याने बोलतात. व्हायचं ते होईल. मी अगदी शांत आहे. (आत्ता पुन्हा उठलो होतो.)

तुमचा भाचा

ता. क. – सहाच जण तयार आहेत.

ता. क. २ – एक जण वर्ग सोडून गेला. जागा रिकामी आहे. तुम्ही चाळीस वर्षं फ्रेंच शिकवलंत खरं, पण तसं काही तुमच्या कपाळावर लिहिलेलं नाही.

ता. क. ३ – तुमचा अर्ज कालच भरला. फ्रेंचचा अनुभव: शून्य. वय: छत्तीस. कॅमेऱ्यापासून जरा लांब बसा, आणि काही झालं तरी बाईंचे उच्चार सुधारू नका.