गुलाबी पाण्यातली मी

मंगळवार, तारीख नऊ (की दहा? कॅलेंडर लांब आहे, उठत नाही.)

माझ्या खारूताई,

मी मजेत, तुझी आई मजेत, बाबा खोकतात. अक्षर सांभाळून घे. शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही निम्मी खिडकीबाहेर बघण्यात गेली.

काल तुझ्या प्रयोगशाळेत काय मजा आली गं! त्या भिंगाला डोळा लावला तर आधी नुसत्या माझ्याच पापण्या. मग तू चाक फिरवलंस आणि एकदम उजेड. गुलाबी पाण्यात मी! माझ्या गाठीतल्या पेशी म्हणजे मीच की. चमकत्या, एकमेकींना खेटून, दुपारच्या गप्पांना बसाव्यात तशा. इतकी छान मी लग्नातही दिसले नव्हते.

पहाटे स्वप्न पडलं. तू पेशी ठेवतेस त्या उबदार कपाटात मी तरंगतेय. एक नाही, हजारो मी, आणि एकीचाही गुडघा दुखत नाही. लांबून कुणी हलकेच दार वाजवतंय आणि मला कसलीच घाई नाही.

तू सांगितलेलं समजलं बरं का. तुझा तो हार्मोन आत शिरत नाही, पेशीच्या दारावर टकटक करतो. मग आतलं एक एन्झाइम जागं होतं, ते दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला, असा निरोप पार आत जातो: वाढा. आपल्या घरासारखंच. मी तुझ्या आईला उठवायची, ती बाबांना, बाबा तुला. फक्त तू उठायची नाहीस. आणि औषध काय करतं, तर दाराला पाठ लावून बसतं, टकटक होऊच देत नाही.

तुझे सर मिश्कील हं. तू हात धुवायला गेलीस तेव्हा म्हणाले, "आजी, तपासणीच्या आदल्या दिवशी पेशींचं खाणं बंद करावं लागतं. त्या खाण्यातच इतक्या हाका असतात, की आमची टकटक वेगळी कळत नाही. तुमची नात सगळ्यांच्या पेशी उपाशी ठेवते, तुमच्याच ठेवत नाही. दरवेळी ठरतं आणि दरवेळी ही भरवते."

मी म्हटलं, "घराण्याचा रोगच आहे तो. पाहुणा नको म्हणाला तरी वाढायचं." दोघंही हसलो.

बसमध्ये मात्र हसू टिकलं नाही.

माझ्या डॉक्टरीणबाई तुझ्या उत्तरासाठी खोळंबल्यात. पेशी औषधाला बधल्या तर गोळ्या, नाहीतर पुन्हा ऑपरेशन. तू आईला सांगतेस, मशीन बिघडलंय. मशीन धडधाकट आहे गं. औषध घातलं आणि त्या वाढतच राहिल्या तर, याची तुला धास्ती आहे.

मलाही आहे. इथे कुणाला बोलले नाही, नुसते विनोद करत फिरते. तुला फोनवर सांगायला जावं, तर तू "जेवलीस का?" विचारतेस आणि विषयच संपतो. म्हणून हे पत्र.

पण बाळा, तू तिथे भरवत बसलीस तर उरलेली गाठ इथे वाढेल. पत्र मिळेल त्या दिवशी मला उपाशी ठेव. दुसऱ्या दिवशी औषध घाल. जे दिसेल ते आधी मला सांग, सरांना मागाहून. वाईट असलं तरी गोड करून सांगू नकोस, मला ते लगेच कळतं.

आणि त्या दिवशी तू पोटभर जेवून जा.

तुझी,
तिथली आणि इथलीही,
आजी