हौकिलाम्पीच्या ग्रंथालयाचे सपाट छप्पर

मी, आर्मास सालोवारा, वय वर्षे पंचाहत्तर, निवृत्त वास्तुविशारद, हल्ली राहणार हौकिलाम्पी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो खास पुतण्या योउकोसाठी.

१. योउकोला तळ्याकाठची सॉना, म्हणजे वाफेच्या स्नानाची खोली, द्यावी. माझ्या इमारतींना तो तीस वर्षे भर जेवणात ‘काकांची तळी’ म्हणत आला. सॉनाचे छप्परही मीच सपाट केले आहे. अंगावर पाणी घ्यायला त्याला बादली लागणार नाही.

२. माझे पदक नगरपालिकेला. युद्धानंतर विस्थापितांसाठी मी चारशे लाकडी घरे आखली. त्यांची छपरे उतरती होती, एकही गळले नाही. साहजिकच कोणी दखल घेतली नाही. पदक मिळाले ते इथल्या सपाट छपराच्या ग्रंथालयासाठी. ते पहिल्याच हिवाळ्यानंतर गळू लागले.

३. ग्रंथपाल सायमी केत्तुनेन यांची एकोणीस पत्रे त्यांना परत करावीत. दरवर्षी बर्फ वितळले की एक यायचे: किती बादल्या लावल्या, कोणती पुस्तके भिजली, आता तरी उतरते छप्पर घालू द्या. हेलसिंकीत बसून, इमारतीची रेषा बिघडेल असे कळवून, मी रचनाकाराच्या हक्काने एकोणीस वेळा नकार दिला. शब्दरचना उत्तम होती.

विसाव्या वर्षी पत्र आले नाही. मी बसने इथे आलो. सायमीबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. भरलेली बादली उचलताना पाय घसरला होता. मी विचारले, इतक्या वर्षांत बदली का नाही मागितली?

“गळतं हो, सालोवारासाहेब. पण फेब्रुवारीत इथे जो उजेड उतरतो, तो दुसरीकडे कुठे नाही. तुम्ही कधी इथे बसून वाचलंय?”

नव्हते वाचले. मग बसलो. उजेड खरोखर चांगला होता. दुसऱ्या पानावर थेंब पडला.

४. त्या भेटीनंतर इथेच राहण्यासाठी घेतलेले हे घर सायमीला. योउको म्हणेल, म्हातारा चळला. त्याने दाखला पाहावा.

५. ग्रंथालयावर उतरते छप्पर घालण्यास माझी संमती आहे. खर्च माझ्या शिलकीतून करावा. नकाशा मी स्वतः काढला आहे. नगरपालिकेच्या इंजिनियरने त्यात अक्कल चालवू नये. संमती आजपासून लागू.

वकील म्हणाले, “आजपासूनचं मृत्युपत्रात बसत नाही.” म्हणून ते कलम वेगळ्या कागदावर लिहून, सही करून, आत सायमीकडे पाठवले.

साक्षीदार, दोघेही एकाच वेळी समक्ष: तोइवो रासानेन, सुतार, आइली हुक्कानेन, शिक्षिका. सायमीची सही नाही. जिला मिळायचे तिला साक्षीदार होता येत नाही. ती स्वयंपाकघरात कॉफी करत होती. कागद आत गेल्यापासून कपांचा आवाज थांबला आहे.

सही: आर्मास सालोवारा
हौकिलाम्पी, ११ फेब्रुवारी १९८४