सिंधूने चौदापर्यंत मोजलं

वाडी, नागपूर
१२ नोव्हेंबर

आदरणीय नत्थूभाऊ यांना प्रेमानंदचा सविनय जयभीम.

पाकीट पाहून आधी घाबरला असाल, कारण हल्ली भिवापूरला पत्र येतं ते बँकेचं नाहीतर कोर्टाचं. तसं काही नाही. आम्ही इकडे खुशाल आहोत. वहिनींचा गुडघा कसा आहे? यंदा मिरचीला पाऊस लागला म्हणे, कितपत वाचली ते कळवा.

तुमच्या बहिणीबद्दल, सिंधूबद्दल लिहायचं आहे. तक्रार समजा हवं तर. (समजू नका. पुढे वाचा.) आमच्या दीक्षाने पुण्याहून आईला मोबाइल पाठवला, तेव्हा मी म्हटलं होतं की आठवी शिकलेल्या बाईला हा कशाला, फोन घेता-ठेवता आला तरी पुष्कळ. पहिले पंधरा दिवस तिने फक्त स्वतःच्या अंगठ्याचे फोटो काढले. मग भिवापुरी मिरचीच्या ठेच्याचा व्हिडिओ केला, तोही आडवा, म्हणजे बघणाऱ्याने मान उजव्या खांद्यावर टाकली तरच खलबत्ता सरळ दिसे. तरी शे-दीडशे बायांनी तो पाहिला आणि मीठ किती, लसूण किती असं विचारलं. सिंधूने एकेकीला उत्तर दिलं. मी छत्तीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोदामात पावत्या लिहिल्या, पण इतक्या तत्परतेने कुणाला जबाब दिल्याचं मला आठवत नाही.

आता मूळ गोष्ट. जुलैतली दुपार. मी जेवून दिवाणावर आडवा झालो होतो, बनियनवर, पोटावर पेपर. आमच्या घरामागून दिवसभर ट्रक जातात हे तुम्हाला माहीतच आहे. पण माझं घोरणं त्यांच्याही वर ऐकू येतं असं सिंधूचं म्हणणं होतं आणि मी ते तीस वर्षं फेटाळत आलो होतो. त्या दिवशी तिने पुरावा गोळा केला. व्हिडिओत माझा चेहरा, उघडं तोंड, वर-खाली होणारा पेपर, आणि मागून हिचा आवाज: “पाहा, आमच्या घरातच ट्रक उभा रायते. आता चढावावर लागला. आता गेर बदलला.” मग मी एकदम शांत. “आता बंद पडला. एक... दोन... तीन...” अशी ती हसू दाबत मोजत जाते. चौदाला मी घशातून असा काही आवाज काढतो की ती ओरडते, “चौदा! झाला चालू!”

हा व्हिडिओ एकट्या दीक्षाला जायचा होता. बोट घसरलं, आणि तो ठेच्याच्या व्हिडिओंशेजारी जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी एकेचाळीस हजार लोकांनी माझं बनियन पाहिलं होतं. (एका बगलेत भोक होतं.) पानठेल्यावर गेलो तर जुने सोबती तोंडाने हॉर्न वाजवू लागले. भाजीवाली म्हणाली, “काका, आज किती भरलं गाडीत?” मी घरी येऊन सिंधूला म्हटलं, “काहून वं, नवऱ्याची इज्जत अशी चव्हाट्यावर मांडतात का?” ती म्हणाली, “बोट घसरलं जी. आता काय बोट तोडून टाकू?” मी दोन दिवस अबोला धरला. तो सोसणं तिला फार जड गेलं नाही, ती कॉमेंटी वाचण्यात गुंतली होती.

त्या शेकडो हसणाऱ्या चेहऱ्यांत एकच कॉमेंट हसत नव्हती. नाशिकच्या कुणी डॉक्टर मधुवंती. त्यांनी लिहिलं होतं: “ताई, मीही हसले. पण तुम्ही चौदापर्यंत मोजलंत, तेवढा वेळ काकांचा श्वास बंद होता. आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ पुन्हा बघा. फक्त छातीकडे बघा.”

सिंधूने पाहिला. मग माझा अबोला असतानाही मोबाइल माझ्यासमोर धरला, आवाज बंद करून. नत्थूभाऊ, आवाज नसला की त्यात विनोद राहत नाही. पेपर वर जातो, खाली येतो, वर जातो, खाली येतो, आणि थांबतो. पोट आत ओढलं जातं, पण हवा जात नाही. आपलंच प्रेत आपण पाहतोय असं वाटलं. मी म्हटलं, “एखाद्या वेळी होतं असं.” सिंधू म्हणाली, “एखाद्या वेळी नाही जी. मी रोज ऐकते. शांत झाले की मले बरं वाटे, आता झोप लागन म्हणून.” असं म्हणून ती रडली. मी तिला एवढं रडताना एकदाच पाहिलं होतं, तुमच्या आई गेल्या तेव्हा.

पुढचे तीन दिवस तिने माझ्या दुपारच्या झोपेचे रीतसर व्हिडिओ घेतले (सरळ धरून!), डॉक्टरबाईंना पाठवले आणि त्यांनी सुचवलेल्या, इथल्या सदर भागातल्या दवाखान्यात मला नेऊन बसवलं. अंगाला तारा लावून मला झोपवून पाहिलं, तर तासाला अडतीस वेळा श्वास अडकत होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, दिवसा पेंग येते का? मी नाही म्हणणार होतो. पण सिंधू शेजारी बसली होती, आणि त्या दिवशी मला खोटं बोलवेना. मागच्या उन्हाळ्यात अमरावती रोडवर माझी स्कूटर रेतीच्या ढिगात गेली, ती कुत्रं आडवं आलं म्हणून नव्हे. मी झोपलो होतो. मागून ट्रक येत होता. हे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता झोपताना नाकावर मास्क लावतो, उशाशी हवेचं मशीन असतं. दिसतो मी विमान चालवणाऱ्यासारखा. पण सकाळी उठलो की डोकं हलकं असतं आणि दुपारी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. सिंधूने मास्कचाही व्हिडिओ टाकला, या वेळी मला विचारून आणि चांगलं बनियन घालायला लावून. तो पाहून काटोलच्या एका बाईने आपल्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं, त्यालाही हेच निघालं. ती बाई सिंधूला फोन करून इतकं बोलली की इकडे भाजी करपली. मी करपलेली भाजी मुकाट्याने खाल्ली. इतक्या वर्षांत मी हिला ‘तुले काय समजते’ किती वेळा म्हटलं असेन, याची मला आता लाज वाटते.

वहिनींना जयभीम, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
प्रेमानंद

ता. क. १: लिहायचं होतं ते आता लिहितो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आल्यावर तुम्ही आमच्या बैठकीत झोपला होता. मी तुमचा व्हिडिओ काढला आहे. मी एकोणीसपर्यंत मोजलं. सदरच्या दवाखान्यात सोमवारी अकराची वेळ घेतली आहे, सकाळच्या एसटीने या. सिंधूला यातलं काही माहीत नाही. तुम्ही तिला अंगाखांद्यावर वाढवलं आहे, तिच्याने ऐकवणार नाही. माझा मोबाइल ती उघडते, म्हणूनच हे कागदावर.

ता. क. २: सोमवारी आला नाहीत, तर व्हिडिओ सिंधूच्या हवाली करीन. तुम्ही पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत आहात, एवढं लक्षात घ्या.

ता. क. ३: दादा, मी सिंधू. पाकीट बंद कराले यायनं मलेच देलं. मी वाचलं. सोमवारची वाट पाहू नको. हे हाती पडलं की त्याच दिवशी निघ, वहिनीले संग आण, चड्डी कोणतीही घाल.