पाचोऱ्याच्या वरातीचा कीबोर्ड

मेहरूण, जळगाव
१० एप्रिल २०२६

आबा,

तुमच्या आणि आईच्या पाया पडते. मी मजेत आहे. मी शिकवते त्या क्लासची पोरं डोकं खातात, ऊन जीव खातं, बाकी तक्रार नाही. आईने दिलेल्या बिबड्या तळून खाऊन संपल्या. धुळ्याहून कोणी इकडे येत असेल तर आणखी पाठवा.

फोन असताना ही पोरगी पत्र का लिहिते, असं तुम्हाला वाटेल. सांगते, पण जरा दमाने.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही आईकरवी विचारलं होतं, 'तठे जळगावले बसीसन कोनं ऐकीसन शिकस ती?' टोमणा होता, मला कळला. तरी उत्तर देते, कारण उत्तर माझ्याकडे आहे.

एक कॅनडाचा होता, ग्लेन गूल्ड. आता हयात नाही. पियानो वाजवताना हा बाबा गुणगुणायचा आणि ते रेकॉर्डिंगमध्ये यायचं. आयुष्यभर एकाच बुटक्या खुर्चीवर बसला, तीही त्याच्या बापाने पाय कापून करून दिलेली. सगळे म्हणत, असं वाकून कोणी वाजवतं का? त्याने कोणाचं ऐकलं नाही. मला तो फार आवडतो, आणि का आवडतो ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या घरात कोणी कोणाचं ऐकत नाही.

दुसरा ऑस्कर पीटरसन, जॅझवाला. त्याची बोटं ऐकली की वाटतं, दोन माणसं वाजवताहेत. म्हातारपणी झटका आला, डावा हात अधू झाला, तरी तो पुन्हा पियानोवर बसलाच. तिसरे आपल्या हिंदी सिनेमातले केरसी लॉर्ड. अकॉर्डियन तर वाजवायचेच, पण सिंथेसायझर कोणाला ठाऊक नव्हता तेव्हा तोही त्यांनी आणून वाजवला. आपण सगळे वरातवाले एका अर्थाने त्यांच्याच पोटचे.

आता आपल्याकडचे. धुळ्याच्या चर्चमधल्या मंजुळाबाई आठवतात? नाताळात तुम्ही मला बाहेर उभं करून त्यांचा ऑर्गन ऐकवायचात. बाई एक सूर दाबून धरतात आणि घाई म्हणून करत नाहीत. आणि इथल्या स्टुडिओतला चंदन. अहिराणी गाण्यांत जी सुंदरी, ती सनईची धाकटी बहीण, वाजते, ती निम्मी त्याच्या कीबोर्डची. डाव्या हाताने चाक फिरवून सूर असा वाकवतो की सुंदरीवालाही फसेल. माझ्याच वयाचा आहे, गुटखा फार खातो, पण हात सोन्याचा.

ही झाली माझी माणसं. यात एक नाव राहिलं आहे, त्याच्याकडे येतेच.

इथे आल्यावर पहिल्यांदा खऱ्या पियानोसमोर बसले तेव्हा काय झालं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. सरांनी सूर दिला काळी दोन. मी डाव्या बाजूला ट्रान्सपोजचं बटण शोधायला लागले. सगळा वर्ग हसला. पियानोला बटण कुठलं? आपण बँडवाले सगळी गाणी पांढरी एकवरच वाजवतो. गाणाऱ्याची पट्टी वर असली की बटण दोन घरं वर, खाली असली की खाली. बोटं तिथेच, सूर यंत्र बदलतं. त्या दिवशी मी लाजले, मग चिडले, आणि मग बाराही पट्ट्या शिकले. आज तुम्ही म्हणाल त्या सुरातून वाजवते. बढाई मारत नाही, आबा, मी आता चांगली वाजवते.

तर त्या बटणाबद्दलच बोलायचं आहे.

फेब्रुवारीत धुळ्याच्या वरातीत तुम्ही कीबोर्ड वाजवलात, त्याचा व्हिडिओ माझ्यापर्यंत आला. तुम्ही म्हणता आपला गाणारा ज्ञानेश्वर बेसूर गायला. भर रस्त्यात त्याला माईक खाली ठेवायला लावलात, गाडीवरून उतरवलंत. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा ऐकला. ज्ञानेश्वर सुरात होता. क्लॅरिनेटवाला सुरात होता. आधीच्या गाण्याला तुम्ही बटण दोन घरं वर नेलं होतं, ते खाली आणायचं राहिलं.

हे कोणालाही होतं. मलाही झालं आहे. पण पहिल्या ओळीलाच कानाला टोचतं आणि बोट आपोआप बटणाकडे जातं. तुम्ही आख्खं गाणं तसंच वाजवलंत. आणि काय सुंदर वाजवलंत, हेच मला सहन होत नाही. एक सूर चुकला नाही, सगळं गाणंच दुसरीकडे चाललं होतं, आणि तुम्हाला ऐकू आलं नाही.

म्हणून पत्र. फोनवर मी विचारते, 'आबा, गोळी कोणती चालू आहे?' तुम्ही म्हणता, 'बठ्ठं बरं शे,' आणि फोन आईकडे देता. मी विचारते, 'जेवलात का?' तरी तेच, सगळं बरं आहे. इतकी वर्षं भोंग्याच्या पुढ्यात बसून कान गेले, आबा. यात लाज कसली? आईला माहीत आहे, ढोलवाल्यांना माहीत आहे. तुमच्या रागाला भिऊन सगळे गप्प. मला इथे कसलं भय नाही, म्हणून मीच लिहिते.

आमचे सर म्हणाले, आबांना बीथोव्हनचं सांग, बहिरा होऊनही थोर राहिला. मी म्हटलं, सर, तो खोलीत बसून लिहीत होता. त्याच्यापुढे नवरदेवाचे मित्र नाचत नव्हते.

आता खरी गोष्ट. तो व्हिडिओ पाचोऱ्याला, ज्यांची वरात आपण घेतली आहे, त्या नवरदेवाच्या काकांनीही पाहिला. अक्षय्यतृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, दुसऱ्या दिवशीची आपली ऑर्डर ते मोडायला निघाले होते. बँड वरपक्षाचा, बेसूर वाजला तर अख्ख्या गावात त्यांचंच हसं. त्यांनी आईला फोन केला, आईने मला. ती वरात गेली असती तर पुढच्याही गेल्या असत्या, आणि तुमच्या नावाची बँडपार्टी या सीझनमध्येच बसली असती. मी त्यांना फोन लावला आणि सांगितलं, कीबोर्डवर डिंपल बसेल. त्यांनी दहा प्रश्न विचारले. मी फोन मांडीवर ठेवून त्यांना दोन गाणी वाजवून दाखवली. हो म्हणाले.

तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही तेच म्हणाला असता, जे ऐकून मी घर सोडलं होतं: पोरगी वरातीच्या गाडीवर चढणार नाही, पाहुणे काय म्हणतील. पाहुण्यांनीच बोलावलं आहे, आबा. ज्ञानेश्वरलाही मी परत बोलावलं. तो येतो म्हणाला, फक्त तुम्ही एकदा त्याच्याशी नीट बोला.

कानाच्या डॉक्टरांकडे आखाजीनंतर तुमचा नंबर लावला आहे. मशीन लागलं तर लावायचं. यावर वाद नको.

राहिलेलं नाव तुमचं. मी इतके वाजवणारे ऐकले, पण कीबोर्डवर शहनाईचा आवाज लावल्यावर शहनाईवाल्यासारखा श्वास घेणारा दुसरा नाही पाहिला. बाकीचे पट्टी दाबून ठेवतात, यंत्राला कुठे दम लागतो? तुम्ही मला हातावर छडी मारून शिकवलंत की ओळीच्या मध्ये बोट उचल, वाजवणाऱ्याला श्वास घेऊ दे. चंदनला मी ते शिकवलं तेव्हा त्याने विचारलं, तुझे गुरू कोण? मी तुमचं नाव सांगितलं आणि घरी येऊन रडले. तुमच्यावर माझा फार जीव आहे, आबा, आणि रागही तेवढाच आहे. दोन्ही घेऊन येते.

पाचोऱ्याला तुम्ही यायचं, फेटा बांधून यायचं. फक्त गाडीवर चढू नका. जन्मभर तुम्ही वरून लोकांना नाचताना पाहिलंत, एकदा त्यांच्यात उभे राहा. सूर ऐकू आला नाही तर नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघा. पाय अडखळले, की तिथेच मला हात करा. मी भर रस्त्यात खाली उतरेन, तुम्ही ज्ञानेश्वरला उतरवलंत तशीच, आणि पुन्हा गाडीचं नाव काढणार नाही.

पण पाय अडखळले नाहीत, तर हात करू नका, आबा. मला वाजवू द्या.

तुमच्या पार्टीची कीबोर्डवाली,
डिंपल