मावठ्यातली नवरा-नवरी

आई, आज सकाळपासून पुन्हा भुरभुर चालू आहे. गच्चीवर उभं राहिलं तर अंगाला लागत नाही, पण चष्म्यावर बारीक थेंब जमतात आणि मदन महालची टेकडी दिसेनाशी झाली आहे. असल्या हवेत मी घरात टिकायचो नाही. आज टिकलो, म्हणून तुला लिहायला बसलो. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून लिहिण्याचं काम फारसं पडलं नाही. अक्षर कसं आहे ते तुला ठाऊकच आहे.

थंडीतल्या उन्हात तू कोहळ्याच्या वड्या घालायचीस. पाट्यावर वाटलेली उडदाची डाळ, पिळून घेतलेला कोहळ्याचा कीस, बाजेवर पसरलेलं बाबांचं जुनं धोतर. आधी दोन मोठ्या वड्या, नवरा आणि नवरी. त्यांना कुंकू लावायचं, मग बाकीच्या. ही जोडी तांबूस पडली किंवा फुटली तर घराला वर्ष वाईट जातं, असं तूच सांगितलं होतंस. त्या वर्षी बाबा निमोनियाने दवाखान्यात होते. तू वड्या घातल्यास आणि दुसऱ्याच दिवशी मावठा आला. हिवाळ्यातला तो पाऊस नीट पडतही नव्हता, कुणी वरून पीठ चाळत असल्यासारखा येत होता. तू चुलीतली राख गच्चीवर पसरून बघायचीस. राख नुसती काळवंडली तर धुकं, तिच्यावर टिपके उमटले तर पाऊस. त्या दिवशी टिपके उमटले. बाज आत ओढली, तरी ओल लागायची ती लागलीच. नवरीची कड विरघळली, नवरा तांबूस झाला, आणि मी बाजेशी बसून रडतो आहे.

"काहून रडून राहिला रे?" तू ओरडलीस. "बाबा दवाखान्यात आहेत, बाजेवर नाहीत. जा, शेजारच्या काकूंकडून विस्तव घेऊन ये."

विस्तव घेऊन परत आलो तर जोडी धड, गोल, कुंकू ताजं. "पाहा, काय झालं त्यांना?" एवढंच तू म्हणालीस. पुढे बाबा बरे होऊन घरी आले. जोडी सावरली म्हणून बाबा वाचले, असा माझा पक्का समज झाला, आणि त्याच्या उलट काय होऊ शकतं याची धास्तीही तेव्हापासूनच बसली. जन्मभर हिवाळ्यात मी आभाळाकडे बघत आलो. माझी बायको होती तोवर मी उठलो की म्हणायची, "चला, आमचं हवामान खातं उठलं."

या थंडीत सुनेला शेवटचा महिना होता. ती हिंदी घरातली, पण तुझ्या वड्यांची रीत तिनं माझ्याकडूनच उचलली. मागच्या खेपेला तिचं मूल पोटातच गेलं होतं, त्यामुळे मी तिला बादलीसुद्धा उचलू देत नव्हतो. तरी तिनं हट्टानं डाळ भिजवली. "बाबूजी, लेटे-लेटे मन नहीं लगता. आप कोहळा किस दीजिए, बस." तिनं जोडी घातली, कुंकू लावलं, मग बाकीच्या वड्या घातल्या आणि उरलेलं पीठ वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवलं. शकुनाची गोष्ट मी तिच्या लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला सांगून बसलो होतो. तेव्हा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मोबाइलवर नुसते ढग दाखवून राहिले आहेत, पाऊस नाही." मी म्हटलं, "तुझा मोबाइल गच्चीवर येऊन पाहतो का?" दुपारपर्यंत भुरभुर सुरू झाली. बाज पत्र्याखाली ओढली, वर ताडपत्री टाकली. सकाळी बघतो तर नवरा तांबूस आणि नवरीला मधोमध चीर.

स्वयंपाकघरात सून विचारते, "कैसी है जोडी?"

"अच्छी है," मी म्हणालो. मी चहा तसाच बाजूला सारला. तिनं माझ्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि पनागरहून आणलेले मटार माझ्यासमोर ओतले. "आप ये छीलिए. एक भी दाना छूटा तो चाय नहीं मिलेगी."

मटार सोलून झाले आणि मी पुन्हा वर गेलो. बाजेवर नवी जोडी होती. पांढरी, ओली, कुंकवाचं बोट जरा घसरलेलं. जुनी जोडी जांबाच्या कुंडीत पडली होती. त्या अवस्थेत पोर जिना चढून आली होती! खालून तिचा आवाज आला, "देख ली, बाबूजी? अब तो खाना खाएँगे?"

मी पत्र्याखाली तसाच उभा राहिलो. तिला कशाचीच भीती नव्हती. तिनं जोडी बदलली होती ती माझं तोंड पाहून. आणि तेव्हा मला तुझा तो विस्तव आठवला. आई, आपल्या चुलीत तर निखारे होते. बाहेर जाताना मी पाहिले होते. इतकी वर्षं मला वाटत आलं की ती जोडी बाबांसाठी सावरली. तू ती माझ्यासाठी बदललीस.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बाळ आत दुपट्यात झोपलंय आणि बाहेर धुकं आहे की पाऊस, हे बघायला मी आज एकदाच उठलो. निम्म्या वड्या आंबल्या, त्या टाकून दिल्या. उरलेल्या मटारात घालून खाल्ल्या. किंचित आंबट लागल्या, आणखी काही झालं नाही.

हा कागद तुझ्या फोटोमागे ठेवणार होतो, पण तिथली धूळ सून पुसते आणि तिला आता मराठी वाचता येऊ लागलं आहे. तेव्हा तो माझ्या उशीखालीच राहील. तिला कळायला नको असं यात एकच आहे. त्या दुपारी मी नुसता बघायला वर गेलो नव्हतो. शालीखाली पिठाची वाटी होती आणि खिशात बायकोची कुंकवाची डबी. फ्रिजमधून काढताना वाटीतलं पीठ कमी दिसलं होतं, तरी मला काही कळलं नाही.