तेरा पावलांची तार

प्रिय बाबा,

आधी वर ‘तीर्थरूप बाबांस’ असं लिहिलं होतं, मग खोडलं. तीर्थरूप म्हटलं की तुम्ही भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसता, हार घालून, आणि त्या फोटोशी मला काही बोलता येत नाही. मला बोलायचंय ते मागच्या अंगणातल्या बाबांशी. पायजमा घोट्याच्या वर खोचलेला, कानावर पेन्सिल, आणि हातात कायम काहीतरी लोखंडी.

आज पाचही पडल्या, बाबा. पाच छर्‍यांत पाच चकत्या. शेवटची पडली तशी मी बंदूक उघडली, बाजेवर ठेवली आणि सवयीने ओरडले, “बाबा, उघडली.” पलीकडच्या रुळांवरून मालगाडी चालली होती. ती पूर्ण जाईपर्यंत मी तशीच उभी राहिले, तुम्हाला गाडीच्या आवाजात ऐकू आलं नसेल असं समजून. गाडी गेली, आणि मग लक्षात आलं.

म्हणून लिहायला बसले. ही बातमी सांगायला घरात कोणी नाही. तुमचे चिरंजीव भुसावळला ड्युटीवर. रविवारी येतात ते झोपायलाच येतात. फोनवर सांगितलं तर म्हणाले, “हो का? छान. गॅस बुक केला का?” नातवाला होस्टेलवर कळवलं, त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. पाचात पाच म्हणजे काय, हे अख्ख्या बडनेऱ्यात एकाच माणसाला कळत होतं, आणि तो माणूस गेल्या पौषात निघून गेला.

सुरुवात आठवते का तुम्हाला? तुम्ही रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, सासूबाई जाऊन एक. माळा साफ करायचं तुम्हीच काढलंत. माझ्या माहेरच्या पेटीत तुम्हाला एक काळा पडलेला कप सापडला. चष्मा कपाळावर सारून तुम्ही वाचलंत, नेमबाजी, दुसरा क्रमांक.

“हे कोनाचं वो, सुनबाई?”

“माझंच, बाबा. कॉलेजात होती तवाचं.”

“मंग सोडलं काहून?”

लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता. माहेरी नाही, सासरी नाही, मी स्वतःलासुद्धा नाही. मी म्हटलं, “असंच.” तुम्ही कप बाहीने पुसलात आणि टीव्हीच्या शेजारी ठेवलात. चौथ्या दिवशी अमरावतीहून परत आलात ते खांद्यावर एक लांबट खोकं घेऊन.

छर्‍याची बंदूक! शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, “भाऊ, सुनेच्या हाती बंदूक देऊन राहिले, आता सांभाळून राहा.” तुम्ही शांतपणे म्हणालात, “मी तं पहिलेपासूनच सांभाळून राहतो.” मला इतकं हसू आलं की पहिला छर्रा कुठे गेला ते मला आजही माहीत नाही.

मी भिंतीवर कागद लावला होता. तुम्हाला तो पटेना. “कागदाले भोक पडलं तं आवाज कुठं येते? लागलं हे कानाले कळलं पायजे.” बरोबरच होतं तुमचं. रेल्वेत, उभ्या गाडीच्या चाकावर हातोडी मारायची आणि नुसत्या आवाजावरून तडा ओळखायचा, यात तुमची सगळी नोकरी सरली. डोळ्यांपेक्षा कानांवर तुमचा विश्वास जास्त.

मग तुम्ही भंगारातून पत्रे, सळया, पट्ट्या गोळा करायला लागलात. पहिली चकती कूलरच्या पत्र्याची होती. दोन दिवसांत तिचा द्रोण झाला. दुसऱ्या खेपेला तुम्ही असलं जाड लोखंड कापून आणलंत की छर्रा लागायचा, टण्ण करून आवाज यायचा आणि चकती जागची हलायची नाही. “बाबा, हे पाडायले तोफ लागंन,” मी म्हटलं. तुम्ही रुसलात. एक अख्खा दिवस बोलला नाहीत. फिटर माणूस, मालगाडीच्या वजनाचा विचार केल्याशिवाय तुमचा हात चालायचाच नाही.

तिसऱ्या खेपेला जमलं. पातळ चकत्या, प्रत्येकीला खाली बिजागरी, मागे टेकायला एक बोल्ट. बोल्ट अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, पिळला की चकती पडू की नको अशी उभी राहायची. उन्हाळ्यात तर नुसत्या वाऱ्याने पाचही आडव्या व्हायच्या आणि तुम्ही वाऱ्याला शिव्या घालायचात. पाचांतली पहिली पोळपाटापेक्षा लहान, मग एकेक कमी होत शेवटची बत्ताशाएवढी. खाली छर्रे पडायला वाळूचं घमेलं, मागे ओलं पोतं, आणि माझ्या डोळ्यांना वेल्डिंगवाल्यांचा पांढरा चष्मा. लागल्याचा डाग दिसावा म्हणून चकत्यांना तुम्ही चुना लावायचात, मधोमध पोळ्याच्या बाजारातून आणलेला, बैलांच्या शिंगांचा लाल रंग.

रोज संध्याकाळी पाच वाजता. पाच छर्रे झाले की मी बंदूक उघडून बाजेवर ठेवायची, तुम्ही पुढे असताना चुकूनही सुटू नये म्हणून.

“बाबा, उघडली.”

“ठेवली?”

“ठेवली.”

मग तुम्ही खुर्चीतून उठायचात. माझ्यापासून चकत्यांपर्यंत तुमची तेरा पावलं. जायचात, वाकायचात, एकेक चकती उभी करायचात, आणि तिथूनच निकाल सांगायचात. “दुसरीले कडेले लागला. चौथीले अगदी मधात. पाचवी तं हवेनंच पडली, ते तुयी नाही.” पुन्हा तेरा पावलं. खुर्चीत बसताना गुडघ्यांवर हात आणि तोंडातून एक लांब “हं”.

ते “हं” मला ऐकवायचं नाही. मी कितीदा म्हटलं, बाबा, एक दोरी लावून टाका, इथे बसल्या बसल्या ओढली की पाचही उभ्या. तुमच्यासारख्याला ते एका दुपारचं काम. तुमच्याकडे रोज नवं कारण. दोरी पावसात कुजते. तार गंजते. उंदीर खाते. तार उंदीर कसा खाईल, बाबा? त्यावर तुम्ही म्हणालात, “बडनेऱ्याचे उंदीर तुले माहीत नाहीत.”

आणि ती मागची आडवी पट्टी. चकत्या पडून तिच्यावर टेकायच्या. ती जराशी वर-खाली हलायची, आणि दोन्ही टोकांना एकेक भोक. मी विचारलं होतं, ही भोकं कशाला? तुम्ही म्हणालात, “चुकून पडली.” तेव्हाच मला कळायला हवं होतं. छत्तीस वर्षांत तुमच्या हातून कधी भोक चुकून पडलं होतं का?

मागच्या दिवाळीनंतर तुम्ही आठ दिवस अकोल्याला लेकीकडे, ताईंकडे गेलात. डॉक्टर वाकू नका म्हणाले होते, तुम्ही ऐकत नव्हतात. मी ठरवलं, तुम्ही यायच्या आत आपणच करायचं. स्टेशन रोडच्या सायकलवाल्याकडून ब्रेकची तार आणली. त्या दोन भोकांत ओवली, वर भिंतीत ठोकलेल्या खिडकीच्या जुन्या कडीवरून घेतली, आणि पुढे नायलॉनची दोरी जोडून थेट बाजेपर्यंत आणली. दोन संध्याकाळी लागल्या. बोटं सोलली. इतका आनंद झाला होता मला, काय सांगू.

तुम्ही आलात. चहा झाला. पाचला खेळ सुरू झाला. तीन पडल्या, मी बंदूक ठेवली, तुम्ही गुडघ्यांवर हात देऊन उठलात, दोन पावलं टाकलीत, आणि मी दोरी ओढली. खट्ट. पट्टी वर, पाचही उभ्या. तुम्ही मधेच थांबलात. मी म्हटलं, “आता तुमी बसा, बाबा. आता काही उठायचं काम नाही.”

तुम्ही वळून दोरीची गाठ पाहिलीत. ओढून पाहिलीत. “पक्की मारली गाठ,” म्हणालात. “चांगलं केलं.” आणि बसलात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मागे आलाच नाहीत. मी हाक मारली तर आतून आवाज आला, “बातम्या पाहून राहिलो.” तिसऱ्या दिवशीही बातम्या. मला वाटलं, थंडी वाढलीय. मला वाटलं, बरं झालं, गुडघ्यांना आराम. काय काय वाटून घेतलं मी! दुधाची पिशवी आणणं मी आधीच तुमच्याकडून काढून घेतलं होतं, भाजी आणणं काढून घेतलं होतं, चुन्याने हाताला भेगा पडतात म्हणून चुनाही मीच लावायला लागले. प्रत्येक वेळी अगदी मानाने. तुमी बसा. तुमी बसा. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. मलाही ते खरं वाटायचं.

तुम्ही का बोलला नाहीत? भाजीत मीठ कमी पडलं तर तीन दिवस ऐकवायचात. चहाला उशीर झाला तर घड्याळाकडे बघून खोकायचात. मग हेच का गिळलंत? एकदा ओरडला असतात, “काढ ते तार,” तर मी काय नाही म्हटलं असतं? याचा मला तुमच्यावर राग आहे, बाबा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय.

पौषातली ती संध्याकाळ. तुम्ही पुढच्या खोलीत, मांडीवर पेपर, टीव्ही चालू. मी मागे, दोरी ओढत. सात-आठ फेऱ्या झाल्या त्या दिवशी, एरवी चार व्हायच्या, कारण आता वेळच लागत नव्हता. चहा घेऊन आत आले तर तुमची मान एका बाजूला. मला वाटलं, डुलकी. मी टीव्हीचा आवाजसुद्धा कमी केला, तुमची झोप मोडू नये म्हणून. कप तुमच्याशेजारी ठेवला आणि पुन्हा मागे गेले. पुन्हा मागे गेले, बाबा. डॉक्टर म्हणाले, काही करता आलं नसतं. नसेलही. पण ती दोरी नसती तर तुम्ही पुढच्या खोलीत नसता. माझ्यापासून हाताच्या अंतरावर असता. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. चिरंजीवांनाही नाही.

मग मी सहा महिने बंदुकीला हात लावला नाही. गेल्या महिन्यात चिरंजीव म्हणाले, बाबांची हत्यारांची पेटी कोणा कामाच्या माणसाला देऊन टाकू. देण्याआधी मी ती उघडली. तळाशी जुन्या खाकी शर्टाच्या तुकड्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तार फिरायला दोन छोट्या कप्प्या, पितळेच्या, आरशासारख्या गुळगुळीत. ग्रीस लावलेली तार, नीट गोल केलेली. दोन आकडे, त्या दोन भोकांच्या बरोबर मापाचे. आणि दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर तुमच्या पेन्सिलीने काढलेलं चित्र, एका टोकाला पाच चकत्या, दुसऱ्या टोकाला बाज, मधे लिहिलेलं, तेरा पावलं. पान उलटून पाहिलं. ज्या वर्षी तुम्ही बंदूक आणलीत, त्याच वर्षाचं होतं.

म्हणजे पहिल्याच वर्षी सगळं तयार होतं. तुम्ही ते गुंडाळून तळाशी ठेवलंत आणि तीन वर्षं रोज चालत राहिलात. तुम्हाला उठायचं होतं. सासूबाई गेल्या, नोकरी संपली, घरात कोणाचं तुमच्यावाचून अडत नव्हतं. फक्त त्या पाच चकत्या होत्या, ज्या तुम्ही गेल्याशिवाय उभ्या राहत नव्हत्या. आणि मी येऊन तेवढंही सोपं करून टाकलं.

पेटी कोणाला दिली नाही. त्याच दिवशी जाऊन माझी तार कापली. आता मीच जाते आणि मीच उभ्या करते. माझी पंधरा पावलं होतात. तिथे वाकल्यावर निकाल सांगायला तोंड उघडते, तर इकडे बाजेवर ऐकायला कोणी नसतं. चुना ओला असतो, रुळांवरून गाडी जाते, आणि मी पुन्हा पंधरा पावलं मागे येते. घर फार मोठं झालंय, बाबा.

आज पाच पडल्यानंतर मी पातूरला आईला फोन लावला. तुम्हाला माहीतच आहे, तिचं आयुष्य वांग्या-मिरचीच्या वाफ्यात गेलं. आता वहिनी तिला मेथीची जुडीही निवडू देत नाही. प्रेमानेच. दर वेळी मी तिला म्हणते, ये चार दिवस, काही करू नको, नुसता आराम कर. आणि दर वेळी ती टाळते. आज पुन्हा म्हणाली, “मी येऊन काय करू वो? इथं बसली काय अन् तिथं बसली काय.”

मी म्हटलं, “आई, लय काम हाय. चकत्या उभ्या करायले माणूस नाही माझ्याकडं.”

तिने विचारलं, “किती लांब हायेत?”

“तेरा पावलं. वाकावं लागते.”

“मंग येईन,” ती म्हणाली. “शनिवारच्या गाडीनं येईन. चुना घरी हाय का, का इथून आणू?”

बाबा, तिचेही गुडघे दुखतात. ती जाईल, वाकेल, एकेक चकती हाताने चाचपून उभी करेल, बोल्ट चुकीचा पिळेल, आणि परत येऊन खुर्चीत बसताना तिच्याही तोंडून तेच “हं” निघेल. मला ते ऐकवणार नाही. पाय आपोआप उठायला बघतील. तरी तुम्हाला शब्द देते, तिला कितीही वेळ लागला, अंधार पडायला आला, तरी मी बंदूक बाजेवर ठेवून, हात मांडीवर घेऊन, तिची वाट बघत बसून राहीन.

तुमची,
सुनबाई वर्षा